एका दाताचे दहा हजार, आणि आईच्या बुडालेल्या पाटीचे?

पत्र: आम्ही हर्णैजवळच्या एका गावात राहतो. आई बंदरावर लिलावात मासळी घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यांत विकते. सतरा दिवसांपूर्वी पुण्याच्या एका साहेबांच्या बंगल्यातला कुत्रा बेड्यातून (आवाराच्या फाटकातून) बाहेर आला आणि पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) तिच्या पोटरीचा लचका तोडला. दापोलीला नेलं. दोन इंजेक्शनं झाली, तिसऱ्याला ती गेलीच नाही. ‘कुत्रा धडधाकट फिरतोय, मला काय होतंय’ म्हणते. मालकांनी मोबाइलवर दोन हजार पाठवले आणि ‘विषय मिटला’ असा मेसेज टाकला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली. बंगल्याचा राखणदार आमच्याच वाडीतला, नात्यातला. आई म्हणते, त्याच्या पोटावर पाय नको. वाडीच्या ग्रुपवर फिरतंय की कोर्टाने एका दाताला दहा हजार ठरवलेत. आईच्या पायावर चार दात उमटलेत, म्हणजे चाळीस हजार मिळतील का? आणि उद्या बंदरावरचा भटका कुत्रा चावला तर मागायचं कोणाकडे?
— एक मुलगी, ता. दापोली

उत्तर: ताई, पैशाचं नंतर बोलू. आधी उद्या सकाळी आईला घेऊन दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठ. सोबत पहिला केसपेपर आणि इंजेक्शनचं कार्ड ने.

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, आणि ती दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून सतरा दिवस काही झालं नाही याला अर्थ नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लशीचे दिवस ठरलेले असतात: पहिला दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. आईचा सातव्याचा डोस चुकला. चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचं असतं. लचका तुटून रक्त आलं असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत आणि जखमेभोवती वेगळं सीरम द्यायला हवं होतं. ते दिलं का, हे कार्डावर बघ. पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत, पण दिलं नव्हतं हे डॉक्टरांना माहीत असणं गरजेचं आहे.

कुत्रा धडधाकट आहे ही गोष्ट खरंच मोलाची आहे. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा जिवंत आणि ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं वैद्यकशास्त्र मानतं. पण तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलात की राखणदाराने सांगितलं? आणि तो तोच कुत्रा आहे ना? अशा बंगल्यांत एकासारखे एक दोन असतात. हे सगळं डॉक्टरांना सांग आणि पुढचा डोस द्यायचा की थांबायचं हे त्यांना ठरवू दे. आईने ठरवायचं नाही, बंगल्याच्या मालकाने तर नाहीच.

याचा पैशाशीही संबंध आहे. उद्या प्रकरण उभं राहिलं की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: बाई, तुम्ही स्वतःच उपचार अर्धे का सोडलेत?

आता तो ग्रुपवरचा मेसेज. तो खोटा नाही, पण आपल्याकडचा नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या मोकाट गुराढोरांमुळे आणि कुत्र्यांमुळे इजा झालेल्यांच्या अनेक याचिका एकत्र ऐकल्या आणि कुत्रा चावल्यास उमटलेल्या प्रत्येक दातामागे किमान दहा हजार, मांस निघालं असेल तर जखमेच्या प्रत्येक 0.2 सेंटिमीटरला किमान वीस हजार असा हिशेब घालून दिला. पैसे द्यायचे तिथल्या सरकारांनी, जिल्ह्याजिल्ह्यात समित्या नेमून. हा निकाल पंजाब, हरियाणा आणि चंदीगडला लागू आहे. दापोलीच्या कोर्टावर तो बंधनकारक नाही. तुझा वकील तो दाखवू शकतो, ‘बघा, तिकडे एवढी रक्कम वाजवी मानली’ म्हणून, आणि त्याने जरूर दाखवावा. पण चार गुणिले दहा हजार हा गुणाकार घेऊन बंगल्यावर जाऊ नकोस. पुण्याचा साहेब एका फोनवर खरं-खोटं करून घेईल आणि तुझं पुढचं सगळं बोलणं हलकं पडेल.

महाराष्ट्रात कुत्रा चावल्याचं असं दरपत्रक नाही. गंमत बघ, आईला बिबट्याने धरलं असतं तर वनखात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा आणि सरकारी निर्णयात ठरलेली रक्कम मिळायची. त्या यादीत रानडुक्कर आहे, कोल्हा आहे, माकड आहे, जंगलातला रानकुत्राही आहे. बंगल्यातला कुत्रा मात्र त्यात बसत नाही. त्याचे पैसे त्याच्या मालकाकडूनच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी कुत्रा कोणाचा आणि नुकसान किती, या दोन गोष्टी कागदावर याव्या लागतात. दात मोजून भागणार नाही.

पहिली गोष्ट केसपेपरवरच असते. तो नीट वाच. दवाखान्याच्या घाईत ‘डॉग बाईट’ एवढंच लिहिलेलं असतं, नाहीतर ‘भटका’ असं पडून जातं. भटका लिहिलं असेल तर उद्याच डॉक्टरांना भेटून पाळीव कुत्रा, अमुक बंगल्यातला, अशी नोंद करून घ्या. त्या एका शब्दावर मालक सुटू शकतो. जखमेची लांबी-खोली लिहिली नसेल तर तीही लिहून मागा. जखमेचे फोटो रोजच्या रोज काढा. बरी होत आलेली जखम तीन महिन्यांनी न्यायाधीशांना दाखवून उपयोग नसतो.

पोलिसांचं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एनसी नव्हे, एफआयआर व्हायला हवा. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच तक्रार रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठव, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाता येतं. पण दोन गोष्टी ध्यानात घे. तो पाच हजारांचा दंड सरकारजमा होतो. नुकसानीदाखल आईला पैसे देण्याचा हुकूम फौजदारी कोर्ट करू शकतं, पण त्यासाठी आधी गुन्हा शाबित व्हावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

दुसरी गोष्ट त्या ‘संभवनीय धोका’ या शब्दांची. कुत्रा आयुष्यात पहिल्यांदाच चावला असं मालक म्हणणार. म्हणून वाडीत विचारत फिर. पोस्टमनवर धावून गेला होता का? गॅसची गाडी बेड्याबाहेरूनच हॉर्न वाजवते का? शाळेची पोरं त्या पाखाडीने जायचं टाळून वरून वळसा घालतात का? आणि गडग्यावर (आवाराच्या दगडी कुंपणावर) ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावलीय का? असेल तर तिचा आजच फोटो काढ. लोकांना वाटतं पाटी लावली की मालक मोकळा झाला. मला तर ती पाटी मालकाच्या तोंडचीच कबुली वाटते: कुत्रा अंगावर येतो हे त्याला ठाऊक होतं, तरी बेडं उघडं राहिलं.

पाखाडीचंही लिहून ठेव. मालक म्हणेल बाई आवारात शिरली. ती जांभ्याची पाखाडी वाडीच्या वहिवाटीची आहे, ग्रामपंचायतीने तिचं काम कधी केलं, तिच्यावरून कोण कोण जातं, आई नेमक्या कोणत्या पायरीवर होती, पाटी कुठे पडली, हे सगळं. मासळी कोणी उचलून गोळा केली? तो माणूस तुझा पहिला साक्षीदार. आणि समजा आई खरोखर बेड्याच्या आत गेली असती, बंगल्यातून कोणी ‘मावशे, काय आणलंस आज’ म्हणून हाक मारली म्हणून, तरी ती बोलावलेली मासळीवाली, घुसखोर नव्हे.

राखणदाराबद्दल आईचं म्हणणं मला पटतं, आणि कायद्याच्या बाजूनेही ते शहाणपणाचंच आहे. कलम 291 ‘ताब्यातल्या’ जनावराबद्दल बोलतं. तक्रार ढोबळ लिहिलीत तर पोलीस हाताशी असलेल्या माणसाला उचलतील, तो वाडीतला, आणि साहेब पुण्यात बसून त्याला कामावरून काढतील. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा की कुत्रा साहेबांचा आहे, त्याचं खाणं, त्याची लस, त्याचा डॉक्टर सगळं तेच बघतात, राखणदार पगारी आहे आणि कुत्रा कधी सोडायचा, कधी बांधायचा हे त्यांच्याच सांगण्यावरून होतं. अर्थात हे खरं असेल तरच. दिवाणी बाजूला तर नोकराच्या कामातल्या हयगयीची भरपाई मालकाने द्यायची हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. नोटीस साहेबांच्या नावे, पुण्याच्या पत्त्यावर जाऊ दे. राखणदाराशी मात्र आधी घरी बोला. त्याने खरं सांगितलं तर तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम माणूस तोच आहे, आणि गप्प राहिला तर त्याची भीती समजून घ्या.

आता आईच्या पाटीकडे येऊ, कारण खरी रक्कम तिथे आहे. साहेबांनी दोन हजार कशावरून ठरवले? बहुधा दवाखान्यात सगळं फुकट होतं, रिक्षाचे तेवढे झाले असतील, अशा अंदाजाने. आईचा धंदा त्यांच्या हिशेबात आलाच नाही. पगाराची पावती नाही म्हणजे कमाई नाही, असं शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका भाजीविक्रेत्याचं अपघाताचं प्रकरण होतं. भाजी विकणाऱ्याने उत्पन्नाचे कागद आणावेत ही अपेक्षाच धरता येत नाही असं म्हणत न्यायालयाने कागद नसतानाही त्याची महिना साडेसहा हजार कमाई मान्य केली. भाजीच्या जागी मासळी ठेव. नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा चार आधार जोडलेस तर आकडा कोणाला खाली ओढता येत नाही.

ते आधार बंदरावरच मिळतील. आई ज्याच्याकडून टोपली उचलते त्या व्यापाऱ्याच्या वहीत तिचं नाव असेल, उधारीचं पान असेल. चावण्याच्या आधीच्या दोन महिन्यांची पानं मोबाइलवर टिपून घे आणि त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घे की ही बाई रोज साधारण एवढ्याची मासळी घेते. बर्फवाला आणि रिक्षावाला यांच्याकडूनही तसंच. हल्ली गिऱ्हाईकं मोबाइलवर पैसे देतात, ते आईच्या किंवा तुझ्या खात्यात येत असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढ. मच्छीमार संस्थेची सभासद असेल तर त्यांचा दाखला. शेवटी तिच्या नेहमीच्या चार-पाच घरांतल्या बायकांचं लेखी म्हणणं. ‘दर बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे यायची, अमुक तारखेपासून आली नाही’ एवढी दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

मग हिशेब मांड. नमुन्याला आकडे घेऊ: लिलावात दीड हजाराची मासळी, विकून आले एकवीसशे, बर्फ आणि रिक्षा दीडशे, हातात राहिले साडेचारशे. महिन्यात चोवीस दिवस पाटी निघते असं धरलं तर दहा हजार आठशे. तुझे खरे आकडे घाल, फुगवू नकोस, कारण व्यापाऱ्याची वही समोरच्यालाही बघता येते. एका गोष्टीवर मात्र हटून राहा. साहेबांचा वकील वर्षाची सरासरी काढू बघेल, त्यात पावसाळी बंदीचे दोन महिने घुसवेल. आई चालू हंगामात घरी बसली असेल तर नुकसान हंगामाचंच धरायचं.

त्या दिवशी पाटीतली जी मासळी पाखाडीवर सांडली तिचे पैसे वेगळे. दापोलीच्या प्रत्येक खेपेचं भाडं वेगळं. तू कामावर खाडा करून तिच्यासोबत गेलीस तो खाडाही. दुखणं, व्रण, आणि पोटरीला ओझं घेऊन चढ चढता येतो की नाही हा पुढचा प्रश्न, यांची रक्कम न्यायाधीश अंदाजाने ठरवतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि एक नुकसान बहुतेक जण विसरतात: महिनाभर पाटी गेली नाही की तिची घरं टेम्पोवाल्याकडे वळतात. ती परत मिळवायला आईला किती दिवस लागले, कोणती मिळालीच नाहीत, हे वहीत टिपत जा.

ते दोन हजार परत करू नकोस. ‘2000 मिळाले, उपचाराच्या खर्चापोटी, बाकी हिशेब कळवते’ असा मेसेज आजच टाक. ‘विषय मिटला’ वर तू गप्प बसलीस तर उद्या ते गप्प बसणंच कबुली म्हणून पुढे करतील. सरपंचांच्या ओटीवर बसून ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर आईचा अंगठा किंवा सही होऊ देऊ नकोस, निदान जखम भरून डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत तरी.

वकिलाच्या फीचं भय बाळगू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दापोलीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साधा अर्ज करायचा. माझा कल असा की आधी नोटीस जाऊ दे, आणि मग प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत ठेवायची विनंती कर. तिथे कोर्ट फी नाही, झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. सरपंचांच्या ओटीवरची तडजोड कोणी मोडली तर तुम्ही पुन्हा होता तिथेच, लोकअदालतीतली मोडली तर वसुली लागते. पुण्याच्या माणसाला तारखांसाठी दापोलीच्या चकरा नको असतात, ही तुझी जमेची बाजू. लोकअदालतीत जमलं नाही तर दिवाणी दावा आहेच. त्याला मुदत असते, ती पहिल्याच भेटीत वकिलाला विचार.

राहिला बंदरावरचा भटका कुत्रा. त्याची नसबंदी आणि लसीकरण करणं 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचं काम, म्हणजे तुमच्याकडे ग्रामपंचायतीचं. नियम असा की नसबंदी करून कुत्रा पकडला तिथेच सोडायचा, पिसाळलेला किंवा अंगावर येणारा सोडून. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटीची स्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकं इथले कुत्रे हलवून परत तिथे सोडू नयेत असं सांगितलं. लिलावाची पुळण (वाळूचा किनारा) त्यात नाही, पण शाळेचं आवार आहे, तेव्हा वाडीतल्या पोरांसाठी हा आदेश ग्रामसभेत वाचून दाखव.

भटका चावला तर भरपाई मागायला सोपी खिडकी नाही. ग्रामपंचायतीवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मोठी इजा असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येतं, आणि ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे वकिलाशिवाय, फीशिवाय अर्ज करता येतो, घटनेपासून वर्षाच्या आत. आयोग भरपाईची शिफारस करतो. या सगळ्या वाटांवर एकच प्रश्न येतो: कुत्र्यांचा त्रास आहे हे पंचायतीला आधी कळवलं होतं का? म्हणून कोणी चावायची वाट न बघता बंदरावरच्या बायकांनी मिळून आत्ताच एक अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का-सही घ्यावी. सोबत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: गेल्या तीन वर्षांत किती कुत्र्यांची नसबंदी केली, त्यावर किती खर्च झाला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

आणि कोणी चिडून जिलेबीत विष घालायची भाषा केली तर त्याला वेळीच आवर. जनावर मारण्याला कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आईच्या जखमेचे पैसे वसूल करायला निघालेली वाडी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायची.